यंत्राने वाचलेलं प्रसूतिगृह

बदलापूरच्या या दिवाळी अंकाची पानं मी बरीच वर्षं लावून दिली. उल्हासनगरात माझं डीटीपीचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. अंकाचे संपादक हाताने लिहिलेला मजकूर आणून टाकायचे, मी टाइप करायची आणि टाइप करता करता बडबडायचीही, की काय एकेक लिहितात लोक. या वर्षी संपादकांचा फोन आला. म्हणाले, शोभाताई, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लिखाणाला नावं ठेवलीत, आता स्वतःच्या कामाबद्दल चार पानं लिहा, आम्ही नावं ठेवतो. आली का पंचाईत! नाही म्हणायला तोंड नव्हतं.

काम कुठलं, तर यंत्राला वाचायला शिकवायचं. लोकांना वाटतं यात मोठं गणित असेल. असेल, पण ते पुण्यात बसलेल्यांकडे. आमच्याकडे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कापडाच्या दुकानावर एक लांबट खोली होती. खाली शिलाई मशिनी दिवसभर धडधडायच्या आणि वर आम्ही बसायचो. दुकान बंद केल्यावर मी घरी बसून कंटाळले होते. आमच्या गल्लीतल्या हरेशभाईंनी पुण्याच्या एका संस्थेकडून हे काम घेतलं होतं आणि त्यांना मराठी नीट येणारं माणूस हवं होतं. मुलाखत वगैरे काही नाही. आमच्या दुकानात त्यांच्या मुलीची लग्नपत्रिका झाली होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती, एवढंच त्यांच्या लक्षात होतं.

काम सोप्या शब्दांत सांगते. इंटरनेटवर मराठीत लाखो पानं पडलेली आहेत. बातम्या, जाहिराती, ब्लॉग, देवस्थानांची माहिती, कुणाचं कायकाय. यंत्र ती सगळी वाचतं. वाचतं म्हणजे त्यातून ज्ञानाचे तुकडे वेचतं. 'अमुक गाव तमुक तालुक्यात आहे', 'अमुक डॉक्टर तमुक दवाखान्यात बसतात', असे. सुरुवातीला आपण त्याला हातात चार खऱ्या गोष्टी द्यायच्या. मग ते बघतं की या गोष्टी लोक कुठल्या प्रकारच्या वाक्यांत लिहितात, आणि तशाच घडणीची वाक्यं शोधून नव्या गोष्टी वेचतं. नव्या गोष्टींवरून पुन्हा नवी वाक्यं शोधतं. असं रात्रंदिवस चालतं. दह्यासारखं आहे. विरजण चांगलं तर दही चांगलं, आणि विरजणच आंबट असेल तर अख्खं पातेलं आंबट. म्हणून मध्येमध्ये माणसं बसवायची. यंत्राला जे कळलं असं वाटतं ते आमच्या पडद्यावर यायचं, शेजारी त्याची खात्री किती ते लिहिलेलं असायचं आणि खाली दोन बटणं: खरं, खोटं. एका गोष्टीवर तिघांनी मत द्यायचं. दोघं म्हणतील ते पक्कं.

तिघं म्हणजे मी, तेजस आणि मंगल. तेजस इंजिनिअर, सोनिवलीला राहणारा. मंगल बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात एक वाडी आहे तिथली. ठाकर आदिवासींची पोर, वाडीतली पहिली बी.ए. अबोल, पण बघायची फार बारीक.

यंत्र मूर्ख नव्हतं, हे आधीच सांगते. नुसतं भोळं होतं. जे लिहिलंय ते लिहिणाऱ्याला खरं वाटत असणार, असं ते धरून चालायचं. आपल्या लोकांच्या लिखाणावर इतका विश्वास आपल्या आईबापांनीही ठेवलेला नाही.

एकदा पडद्यावर आलं, की आपल्या भागात 'भावी नगरसेवक' नावाचं एक पद असून ते हजारो लोकांकडे आहे. यंत्राची खात्री अगदी वरची. कारण वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सवर तसं लिहिलेलं आणि प्रत्येक फ्लेक्सचा फोटो इंटरनेटवर चढवलेला. त्यातले निदान शेकडाभर फ्लेक्स मीच बनवलेले होते! तेव्हा मी गिऱ्हाइकाला विचारायची, भाऊ, कशावरून भावी? तो म्हणायचा, ताई, तुम्ही लिहा तर. मी लिहिलं. आता इतक्या वर्षांनी ते माझ्यापुढे ज्ञान होऊन आलं होतं. करावे तसे भरावे.

दुसरं प्रकरण तेजसचं. यंत्राने वेचलं की सोनिवली बदलापूर स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. बिल्डरांच्या सगळ्या जाहिरातींत तसंच होतं. बदलापूरच्या आसपासची झाडून सगळी वस्ती स्टेशनपासून पाच मिनिटांवर होती. यंत्राने त्यावरून पुढचा हिशेब लावला, की ही सगळी गावं एकमेकांना खेटून असली पाहिजेत, आणि नकाशाच बदलायला निघालं. तेजसने अशाच जाहिरातीवर विसंबून तिथे फ्लॅट घेतलेला. संध्याकाळी रिक्षाच्या रांगेत तो किती उभा राहतो ते त्यालाच ठाऊक. त्याने 'खोटं'चं बटण असं काही दाबलं की मला माउसची काळजी वाटली.

मीही चुकायची. एकदा आलं, की कॅम्प दोनमधल्या अमुक दुकानातून परदेशी लग्नांसाठी फेटे जातात. मी म्हटलं, चल, थापा! दाबलं खोटं. हरेशभाई मागेच उभे होते. म्हणाले, ''मॅडम, वो मेरे साढू की दुकान है. कल ही दुबई माल गया.'' माझा स्वभाव संशयी, तो खऱ्यालाही सोडत नाही.

इथपर्यंत सगळी गंमत होती. सोनिवली पाच मिनिटांवर असो की पन्नास, त्याने कुणाचं बिघडत नव्हतं. मग हरेशभाईंना संस्थेकडून दुसरं काम मिळालं. डोंगरातल्या वाड्यांसाठी एक फोन सुरू व्हायचा होता. साध्या मोबाइलवरून नंबर लावायचा, मराठीत विचारायचं, 'साप चावलाय, कुठे नेऊ', 'दाखला कुठे मिळेल', आणि यंत्राने वेचलेल्या ज्ञानातून उत्तर मिळायचं. लोक त्याला नुसतं माहितीचा फोन म्हणायला लागले. त्यातल्या दवाखान्यांची माहिती पक्की करायचं काम आमच्याकडे आलं.

मंगल त्या दिवसांत खुशीत होती. तिच्या भावाची बायको, यमुनावहिनी, पोटुशी होती. पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्यावर तिला जीपमधून बदलापूरकडे आणताना रस्त्यातच उशीर झाला आणि मूल गेलं. तो रस्ता मी पाहिलाय. धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. तेव्हापासून वहिनीने धसकाच घेतला होता. या खेपेला ती मंगलला एकच विचारायची, जवळ कुठे सोय होईल का गं? मंगल म्हणायची, आमचा फोन सुरू होऊ दे वयनी, तो सांगेल. घरात सगळ्यांना वाटायचं आपली मंगल त्या फोनच्या आत बसते.

आणि मग पडद्यावर ते आलं. वाडीपासून जवळच्या एका गावात, गावाचं नाव मी इथे लिहीत नाही, नवं आरोग्य केंद्र सुरू झालंय, तिथे प्रसूतिगृह आहे, चोवीस तास उघडं असतं. यंत्राची खात्री शिखरावर. खाली पुरावे: कितीतरी पानं. स्थानिक बातम्या, कार्यकर्त्यांच्या पोस्टी, अभिनंदनाचे संदेश. सगळीकडे तोच फोटो. एक पुढारी फीत कापतोय, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर त्याच पुढाऱ्याचं तोंड दारापेक्षा मोठं.

मी ती पानं एकेक करून वाचली. मजकूर सगळ्यांचा एकच, कॉमा सुद्धा त्याच जागी. एकाने लिहिलेलं बाकीच्यांनी उचललेलं. पण माझा संशय त्याच्यामुळे नव्हता. बातम्या अशाच बनतात, खऱ्याही आणि खोट्याही. मला खटकलं ते वेगळंच. इतक्या पानांत त्या केंद्राला कुणी एक शिवी दिलेली नव्हती.

हे जरा समजावून सांगायला हवं. चालू असलेला सरकारी दवाखाना इंटरनेटवर कसा ओळखायचा? लोक त्याला शिव्या देतात. डॉक्टर जेवायला गेले ते आलेच नाहीत, नर्स खेकसते, रांग मोठी, पंखा बंद, गोळ्या संपल्या. हे सगळं जिथे लिहिलेलं आहे तो दवाखाना उघडा असतो हे शंभर टक्के. ज्याचं नुसतं कौतुक, तिथे कुणी गेलेलंच नाही. इतकी वर्षं उद्घाटनाचे फ्लेक्स करून मला एवढं कळत होतं. कित्येकदा इमारतीला रंग लागायच्या आधी फ्लेक्स छापून तयार असायचा. एका पुलाच्या भूमिपूजनाचा फ्लेक्स तर मी वेगवेगळ्या तीन साहेबांसाठी केला, आणि नदी अजून तशीच वाहते आहे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मी खोटं दाबलं.

तेजसने खरं दाबलं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्हाला संस्थेने नियम दिला होता, की निरनिराळ्या तीन ठिकाणी तीच गोष्ट सापडली तर ती खरी धरावी. इथे तर ढीग होता. मी त्याला शिव्यांचं सांगितलं. तो म्हणाला, मॅडम, मुद्दा भारी आहे, पण असं नियमात कसं लिहायचं? हरेशभाईही हसले. म्हणाले, ''मशीन को अब गाली भी सिखाएंगे क्या?'' मी म्हटलं, शिकवा, मराठी शिकायचं म्हणजे तेही आलंच. पण हसण्यावारी गेलं.

राहिली मंगल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ''मॅडम, मी स्वतः होते तिकडे.''

ती खरंच होती. उद्घाटनाला वाडीतल्या सगळ्या बायकांना जीप पाठवून बोलावलं होतं. यमुनावहिनीलाही नेलं होतं, आणि ती गरोदर म्हणून तिच्या हातून दिवा लावून घेतला होता. मंगलने आत जाऊन पाहिलं होतं. खाटा होत्या, त्यांवर नव्या चादरी, बाळाचं वजन करायचा काटा, त्याचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. वहिनी त्या खाटेवर जरा बसून बघून आली होती. परत येताना जीपमध्ये ती खूप दिवसांनी हसली, असं मंगल म्हणाली.

मी इंटरनेटवर वाचलेलं सांगत होते, ती डोळ्यांनी बघितलेलं सांगत होती. मी एवढंच म्हटलं की अगं, एकदा फोन करून बघ. तिने केंद्राचा म्हणून छापलेला नंबर लावला. तो त्या पुढाऱ्याच्या कचेरीत लागला आणि तिथल्या माणसाने आनंदाने सांगितलं, की ताई, केंद्र सुरू आहे, तुमच्या सेवेसाठीच आहे. मंगलने खरं दाबलं. दोघं विरुद्ध एक. गोष्ट पक्की झाली आणि फोनच्या पोटात जाऊन बसली.

त्यानंतर मी ते विसरले असं म्हणता येणार नाही. पण रोज इतक्या गोष्टी पडद्यावरून जायच्या की एकीवर अडून बसणं शक्य नव्हतं. कधी मंगलला विचारलं, वहिनी कशी आहे, तर ती म्हणायची, बरीय, या वेळी घाबरत नाय. ते ऐकून मला बरं वाटायचं आणि वाटतही नव्हतं.

तो दिवस साधाच होता. दुपारचं जेवण होऊन आम्ही नुकतेच पडद्यापुढे बसलो होतो. मंगलचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. खालच्या मशिनींच्या आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे तिच्या भावाचं, काशिनाथचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

''मंगे, कुलूप हाये. आता कुठं नेऊ हिला?''

झालं होतं असं. वहिनीला कळा सुरू झाल्यावर काशिनाथने शहाण्यासारखं आधी माहितीचा फोन लावला. फोनने सांगितलं, जवळच्या केंद्रात प्रसूतिगृह आहे, चोवीस तास उघडं आहे. त्याने ओळखीच्याची जीप केली, आई सोबत, आणि सगळी तिकडे गेली. दाराला कुलूप. खिडकीतून पाहिलं तर आत खाटा नाहीत, वजनकाटा नाही, मांडववाल्याच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या. खाटा एका दिवसासाठी कुठून तरी आणल्या होत्या आणि परत गेल्या होत्या. तिथून बदलापूर गाठायचं तर आलेला रस्ता परत जाऊन पुढे पुन्हा तेवढंच जायचं, आणि वहिनी जीपमधून खाली उतरली होती ती परत चढू शकत नव्हती.

मंगल फोनवर नुसती 'दादा, दादा' म्हणत होती. तेजसने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. त्यांनी निघतो म्हणून सांगितलं, पण त्या रस्त्याने यायला वेळ लागणारच होता. हरेशभाईंनी खाली जाऊन गाडी काढली आणि मंगलला घेऊन गेले. मी मागे राहिले. करण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्या वेळात मी पहिल्यांदा कुणाला न विचारता यंत्रातून एक गोष्ट काढून टाकली. तसं करायची आम्हाला परवानगी नव्हती. मी रागाने काढली. नंतर कुणी त्याबद्दल विचारलंही नाही.

पुढचं मला मंगलकडून कळलं. केंद्राच्या ओट्यावरच वहिनी बाळंत झाली. गावातल्या दोन बायका धावत आल्या, एकीने गरम पाणी आणलं. रस्त्यावरून येणारे जाणारे थांबायला लागले म्हणून आडोसा हवा होता. आडोशाला काही मिळेना. तेव्हा सासूने उद्घाटनाचा फ्लेक्स दोऱ्या तोडून खाली ओढला आणि बायकांनी तो चारी बाजूंनी धरला. मी आयुष्यभरात केलेल्या एकाही फ्लेक्सचा इतका उपयोग झालेला नाही. तो फ्लेक्स माझा नव्हता, हेही सांगून टाकते.

मुलगा झाला, रडला. पण वहिनीचं रक्त थांबेना. ॲम्ब्युलन्स आणि हरेशभाईंची गाडी पाठोपाठच पोचल्या. तिला उल्हासनगरला आणलं. रक्त चढवावं लागलं. तेजसने दिलं, हरेशभाईंच्या पुतण्याने दिलं. एक पूर्ण रात्र आणि पुढचा अर्धा दिवस ती जगते की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते. मी सकाळी हॉस्पिटलात गेले तेव्हा मंगल जिन्यात बसली होती. मला वाटलं होतं रडत असेल. ती रडत नव्हती. म्हणाली, मॅडम, मी तिला खाटेवर बसवलं होतं, म्हणाले होते बघ किती मऊ आहे. मी तिच्याशेजारी बसले. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य माझ्या जिभेवर नेहमी तयार असतं. त्या वेळी ते आलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

दुपारी वहिनी शुद्धीवर आली आणि तिने पहिल्यांदा मुलाला मागितलं. वाचली.

हरेशभाई धंद्याचा माणूस, फार बोलत नाहीत. त्यांनी संस्थेला कळवून टाकलं, की दवाखान्याची कुठलीही गोष्ट यापुढे आमचं माणूस जाऊन दार उघडं बघितल्याशिवाय पक्की होणार नाही. संस्थेकडून विचारणा आली, मग यंत्राचा उपयोग काय? हरेशभाईंनी मला विचारलं काय लिहू. मी म्हटलं, लिहा, कुठे जाऊन बघायचं ते यंत्र सांगतं, हाही उपयोगच आहे. ते त्यांनी जसंच्या तसं लिहिलं, आणि संस्थेला ते पटलं याचं मला आश्चर्य वाटलं. तेव्हापासून तेजसची मोटरसायकल डोंगरात फिरते. बंद निघालेली केंद्रं बरीच आहेत, आणि शिव्या खाणारी सगळी उघडी निघाली. माझा शिव्यांचा नियमही आता यंत्रात आहे, फक्त त्याला पुण्यात काहीतरी सभ्य नाव दिलंय. डोंगराकडच्या गावांचं शेवटचं मत मंगलवर सोपवलं. ती एकटी जे म्हणेल ते पक्कं.

ती कामावर परत आली तेव्हा आधीपेक्षाही कमी बोलायला लागली होती. मी तिला छेडत नव्हते. एक दिवस काम करता करता तिने मला हाक मारली. मी तिच्या पडद्यापुढे जाऊन उभी राहिले.

यंत्र आपलं वाचतच होतं. त्याला काय माहीत मध्ये काय घडलं. त्याला नवी पानं सापडली होती, पुष्कळ. 'नव्या आरोग्य केंद्रात पहिली प्रसूती सुखरूप. माता व बालक ठणठणीत.' खाली फोटो. वहिनीला घरी आणल्यावर तो पुढारी वाडीत जाऊन आला होता. साडी, नारळ, बाळाला झबलं. बाळ त्याच्या हातात, मागे नवा फ्लेक्स, शेजारी काशिनाथ कसनुसा उभा. कुणी घरी आलं तर त्याला जा कसं म्हणायचं, असं त्या लोकांचं वळण. बातमीत कुलपाचा, ओट्याचा, रक्ताचा शब्द नाही. त्या पानांवरून यंत्राला दोन गोष्टी समजल्या होत्या. पहिली, या केंद्रात प्रसूती होते. ती मंगलने केव्हाच खोटी करून टाकली होती.

दुसरी गोष्ट तिच्या भाच्याबद्दल होती. मुलाचं अजून बारसंही झालेलं नव्हतं, पण यंत्रात त्याची नोंद तयार होती. वडिलांचं नाव काशिनाथ. मुलाचं नाव माहीत नाही. जन्मस्थळ: नवं आरोग्य केंद्र. खात्री जेवढी असू शकते तेवढी.

''मॅडम,'' मंगल म्हणाली, ''हे खोटं पण नाय ना म्हणता येत. तिकडेच तर झाला तो.''

ती म्हणत होती ते खरं होतं. पत्ता तोच, इमारत तीच, ओटा त्याच इमारतीचा. पंच बसवले असते तरी त्यांनी 'खरं' असाच कौल दिला असता. माझा सगळा संशयीपणा तिथे पांगळा झाला. एवढी वर्षं खोट्यावर बोट ठेवत आले, पण खऱ्या शब्दांनी रचलेल्या खोट्याचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, सोडून दे, पुढची गोष्ट घे, असं करता येतं. तिला ते ठाऊक होतं. तिने फोटो मोठा केला. भाच्याचं तोंड बघितलं. मग फोटो लहान केला आणि खोटं दाबलं.

खोटं दाबलं की यंत्र एक चौकट उघडतं: बरोबर उत्तर ठाऊक असल्यास लिहा. ती आम्ही बहुधा रिकामीच सोडतो.

मंगलने लिहिलं, 'कुलपाबाहेर'.

यंत्राने ते शोधलं. त्याने वाचलेल्या लाखो पानांत शोधलं असणार. मग लाल अक्षरांत उत्तर आलं, असे ठिकाण आढळले नाही, कृपया पुन्हा लिहा.

मंगलने पुन्हा तेच लिहिलं.